मुलगा, तीन जावई आणि सीझर : रोममधल्या सर्विलियाबद्दल

निशिगंध

इ.स.पू. ४४, जून महिन्याची ८ तारीख. रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी अँटियम नावाचं गाव आहे, तिथे ब्रूटसच्या मुक्कामी घरचीच म्हणावीत अशी माणसं जमली आहेत. सीझरला मारून तीन महिनेही झालेले नाहीत. ज्यांनी मारलं त्यांना रोममध्ये राहणं धोक्याचं झालंय. सिनेटने तीन दिवसांपूर्वीच ब्रूटसला आशिया प्रांतातून आणि कॅसियसला सिसिलीतून धान्य खरेदी करून पाठवण्याचं काम दिलंय. वरवर पाहता जबाबदारी, खरं तर शहराबाहेर काढण्याची सोय. कॅसियस संतापून विचारतो, हा अपमान मी उपकार म्हणून घ्यायचा का?

सिसेरो तिथे हजर होता, आणि त्याने लगेच मित्राला, अ‍ॅटिकसला, सगळा वृत्तांत लिहून कळवला. बैठकीला ब्रूटस, कॅसियस, फेवोनियस आणि तीन बायका: ब्रूटसची आई सर्विलिया, बायको पोर्शिया, आणि बहीण टर्टुला, म्हणजे कॅसियसची बायको. सिसेरो नेहमीप्रमाणे मागचं उगाळू लागतो: तेव्हाच सिनेट बोलवायला हवी होती, लोक पेटलेले असतानाच सगळा कारभार हातात घ्यायला हवा होता. सर्विलिया त्याला मध्येच तोडते. "हे असं मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही!" आणि रोमचा सर्वांत मोठा वक्ता गप्प बसतो. 'मी स्वतःला आवरलं', असं तो स्वतःच लिहितो. त्याच पत्रात पुढे आहे की सर्विलियाने शब्द दिला, धान्याचं ते काम सिनेटच्या ठरावातून मी काढायला लावते.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वर जाऊन वाचलं. या बाईला मत नाही. सिनेटच्या सभागृहात तिला पाऊल ठेवता येत नाही. आणि ती सिनेटचा ठराव बदलून आणते म्हणते, समोर बसलेल्यांपैकी एकालाही ते अशक्य वाटत नाही. सिसेरोही ते अगदी साधेपणाने नोंदवतो.

सर्विलियाचं नाव निघालं की लोक 'सीझरची प्रेयसी' एवढंच म्हणतात. म्हणून हा धागा.

तिचा जन्म साधारण इ.स.पू. १०० चा. बाप क्विंटस सर्विलियस कीपियो, आई लिव्हिया. पुढे बाप आणि मामा, मार्कस लिव्हियस ड्रूसस, यांच्यात हाडवैर आलं आणि आईबापांचा संसार मोडला. आईने दुसरं लग्न केलं, त्यातून पोर्शिया (ब्रूटसच्या बायकोहून वेगळी) आणि धाकटा कॅटो ही मुलं झाली. (सर्विलिया आणि कॅटो यांची आई एक, बाप वेगळे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) मग आईही गेली आणि ही सगळी भावंडं मामाकडे वाढली. इ.स.पू. ९१ मध्ये मामा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेला अधिकारी, होता, इटलीतल्या दोस्त जमातींना रोमन नागरिकत्व मिळावं म्हणून झगडत होता, आणि त्याला त्याच्याच घरात भोसकून मारलं. सर्विलिया तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. त्यातून पेटलेल्या युद्धात पुढच्याच वर्षी बापही मारला गेला.

पहिला नवरा मार्कस ज्युनियस ब्रूटस. इ.स.पू. ८५ मध्ये मुलगा झाला, तोच आपला ब्रूटस. इ.स.पू. ७७ मध्ये नवरा एका बंडात सामील होता, म्यूटिना इथे सेनापती पाँपीला शरण गेला आणि पाँपीने त्याला ठार करवलं. सर्विलिया विशीच्या सुरुवातीला विधवा, पदरात आठ वर्षांचा मुलगा. दुसरा नवरा डेसिमस ज्युनियस सिलानस, जो इ.स.पू. ६२ मध्ये कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, झाला. त्याच्यापासून तीन मुली. रोमन रिवाजाप्रमाणे मुलीला कुळाचंच नाव, त्यामुळे तिघीही ज्युनिया: थोरली प्रीमा, मधली सेकुंडा, धाकटी टर्शिया. टर्टुला हे धाकटीचं लाडाचं नाव.

सिलानस गेल्यावर तिने तिसरं लग्न केलं नाही, आणि माझ्या मते तिचं खरं राजकारण इथून सुरू होतं. थोरली दिली सर्विलियस इसॉरिकसला, जो इ.स.पू. ४८ मध्ये सीझरच्या जोडीने कॉन्सल होता. मधली दिली लेपिडसला, तो सीझरचा उजवा हात. धाकटी दिली कॅसियसला, ज्याने सीझरला मारलं. पाटावर सोंगट्या मांडाव्यात तशा या सोयरिकी आहेत. कुणीही जिंकलं तरी जिंकणाऱ्याच्या माजघरात आपली एक मुलगी असेल!

सीझरचा भाग मुद्दाम शेवटी ठेवलाय. इ.स.पू. ६३, ५ डिसेंबर, सत्ता उलथवायचा कट करणाऱ्या कॅटिलिनाच्या साथीदारांचं काय करायचं यावर सिनेटमध्ये वाद चालू होता. सीझरला कुणीतरी एक चिठ्ठी आणून दिली. कॅटो उसळला, हा शत्रूंशी संधान बांधतोय, चिठ्ठी वाचून दाखवा. सीझरने ती न बोलता त्याच्या हातात ठेवली. ते सर्विलियाचं प्रेमपत्र होतं. कॅटोने, म्हणजे तिच्या भावाने, ते परत फेकलं, "घे, दारुड्या". चरित्रकार प्लुटार्कने हा प्रसंग दिलाय आणि सगळे तो रंगवून सांगतात. एक गोष्ट मात्र सहसा सुटते. निवडून आलेला पुढचा कॉन्सल म्हणून त्या दिवशी चर्चेत सर्वांत आधी बोलायला उठला होता तो सिलानस. तिचा नवरा.

इ.स.पू. ५९ मध्ये, स्वतः कॉन्सल असताना, सीझरने तिला ६० लाख सेस्टर्सचा एक मोती दिला असं चरित्रकार सुएटोनियस सांगतो. अंदाज यावा म्हणून, सरदार वर्गात नाव लागायला ४ लाखांची मालमत्ता लागायची. एका मोत्यात अशी पंधरा घराणी बसतात.

---

खडीसाखर

वाह! एका दमात वाचलं. वाचनखूण साठवली आहे.

नात्यांचा हिशोब करत होते. कॅटो हा ब्रूटसचा मामा. आणि पोर्शिया कॅटोची मुलगी ना? म्हणजे ब्रूटसने मामाची मुलगी केली! सर्विलिया पोर्शियाची आत्या आणि सासू दोन्ही. आमच्याकडे, कोल्हापूर भागात, हे इतकं ओळखीचं आहे की क्षणभर रोम विसरायला झालं.

---

निशिगंध

खडीसाखर, अगदी बरोबर. आणि आत्या सासू झाली म्हणून घरात गोडवा होता असं नाही. इ.स.पू. ४५ मध्ये ब्रूटसने पहिल्या बायकोला, अ‍ॅपियस क्लॉडियसच्या मुलीला, सोडलं आणि पोर्शियाशी लग्न केलं. कॅटोने आदल्या वर्षीच युटिका इथे सीझरच्या हाती लागण्याऐवजी पोटात तलवार खुपसून घेतली होती. अशा माणसाची मुलगी घरात आणणं म्हणजे आपण कुठल्या बाजूला हे गावभर सांगणं. सासू-सुनेचं पटत नव्हतं हे सिसेरोच्या त्या वर्षीच्या पत्रात आलंय, ब्रूटस दोघींनाही सांभाळून घेत होता असंही. सर्विलियाने वीस वर्षं जो तोल राखला होता तो त्या लग्नाने एका बाजूला झुकला, असं मला वाटतं.

मराठीत हे सांगायला सोपं जातं. कॅसियस ब्रूटसचा मेहुणा, लेपिडस आणि कॅसियस साडू. १४ मार्चच्या रात्री सीझर जेवायला होता लेपिडसकडे. दुसऱ्या दिवशी त्याला मारलं लेपिडसच्या मेहुण्याने आणि साडूने. १७ तारखेला तात्पुरता समेट झाला तेव्हा कॅसियस सीझरच्या बाजूच्या अँटनीकडे जेवायला गेला आणि ब्रूटस लेपिडसकडे, म्हणजे स्वतःच्या बहिणीकडे. त्या रात्री ताटं वाढताना ज्युनिया सेकुंडाच्या मनात काय असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

---

मुक्कामपोस्ट

धागा आवडला. एक शंका. ब्रूटस सीझरचाच मुलगा होता असं लहानपणापासून ऐकलंय. 'ब्रूटस, तूसुद्धा?' त्यावरूनच ना?

---

निशिगंध

मुक्कामपोस्ट, ही अफवा जुनीच आहे, प्लुटार्कही सांगतो. पण ब्रूटस इ.स.पू. ८५ चा आणि सीझर १०० चा, म्हणजे सीझर तेव्हा १५ वर्षांचा. आणि सीझर-सर्विलियाचं प्रकरण भरात आलं ते त्यानंतर वीसेक वर्षांनी. 'तूसुद्धा, ब्रूटस' हे नाटकातलं वाक्य. सुएटोनियस लिहितो की काहींच्या मते सीझर ग्रीकमध्ये म्हणाला, "तूसुद्धा, बाळा?" पण मरताना तो काहीच बोलला नाही हेही त्यानेच लिहिलंय.

यादवी युद्धात सीझर आणि पाँपी यांच्यात झालेल्या फार्सालसच्या लढाईआधी (इ.स.पू. ४८) मात्र सीझरने आपल्या अधिकाऱ्यांना हुकूम दिला होता की ब्रूटसला मारू नका, शरण आला तर आणा, नाही आला तर जाऊ द्या. प्लुटार्क म्हणतो, हे सर्विलियासाठी. त्या लढाईत ब्रूटस होता पाँपीच्या बाजूने. ज्याने बापाला मारलं, ज्याच्याशी तो तोवर साधा नमस्कारही करत नव्हता, त्याच्या छावणीत. मामाच्या, कॅटोच्या, शब्दाचं वजन असं. आणि आईचं वजन समोरच्या छावणीत.

---

काळा_कोट

व्यवसायाने वकील, म्हणून या विषयाची कायद्याची बाजू थोडी लिहितो.

रोमन बाईला मत नाही, पद नाही. मुलांवर आईचा कायदेशीर हक्क शून्य. मुलं बापाच्या कुळाची, काडीमोड झाला तरी त्याच्याकडेच. मुलीचं लग्नाचं किमान वय १२. बाप असेपर्यंत ती बापाच्या सत्तेखाली, तो गेल्यावर व्यवहारासाठी एक पालक नेमलेला.

पण याच्या शेजारी दुसरी गोष्ट आहे. सर्विलियाच्या काळापर्यंत बहुतेक वरिष्ठ घराण्यांत मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या सत्तेखाली जातच नसे. कायद्याने ती माहेरचीच राही. तिची मालमत्ता वेगळी, नवऱ्याची वेगळी. नवरा-बायकोने एकमेकांना दिलेली मोठी बक्षिसंसुद्धा कायदा मानत नसे, इतकी ती भिंत पक्की. काडीमोड झाला तर हुंडा परत मागता येई, आणि काडीमोड बायकोही देऊ शके. बाप नाही, नवरा नाही, पालक नावापुरता, हाताशी स्वतःची जमीन, गुलाम, घरं, अशा विधवेला रोममध्ये अडवणारं फारसं कुणी उरत नसे. सर्विलिया सिलानसनंतर नेमकी तिथे पोचली. तिसरं लग्न न करणं हा हिशोबी निर्णय वाटतो.

घराचंही लक्षात घ्या. रोमन पुढाऱ्याचं कार्यालय म्हणजे त्याचं घर. सकाळी पुढच्या दालनात आश्रितांची रांग, भिंतीशी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे. आपल्याकडे राजकारण म्हटलं की सचिवालय डोळ्यांपुढे येतं. तिथे निम्मं राजकारण ओसरीवर होई, आणि ओसरी बाईच्या हातात असे.

---

सांजवारा

काळा_कोट, उत्तम प्रतिसाद. यात इ.स.पू. ४२ ची हॉर्टेन्शियाची गोष्ट जोडावीशी वाटते. सीझरनंतर सत्ता हाती घेतलेल्या त्रिकुटाने (अँटनी, ऑक्टेव्हियन, लेपिडस) युद्धखर्चासाठी १४०० श्रीमंत बायकांवर कर बसवला. बायका आधी त्रिकुटाच्या घरच्या बायकांकडे गेल्या. अँटनीच्या बायकोने, फुल्व्हियाने, दारातून घालवलं. मग त्या सरळ फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, शिरल्या आणि हॉर्टेन्शियाने भाषण केलं. पदांत आम्हाला वाटा नाही, सैन्यात नाही, सत्तेत नाही, मग कर का? शेवटी १४०० चा आकडा ४०० वर आला. आधी घरातून घरात जायचं, आणि ते दार बंद झालं तरच चौकात यायचं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

---

उंबरठा

लेख चांगला आहे, पण सर्विलियाला फार उंचावर बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

यादवी युद्धानंतर हरलेल्यांच्या जमिनी लिलावात निघाल्या. सीझरने त्यातल्या चांगल्या मिळकती तिला कवडीमोलाने मिळवून दिल्या. त्यातली एक नेपल्सजवळची, पोंटियसची. इ.स.पू. ४४ च्या मे महिन्यात सिसेरो चिडून लिहितो की जुलमी राजाला मारणाऱ्याचीच आई पोंटियसची मिळकत बळकावून बसली आहे! मुलगा प्रजासत्ताकासाठी खंजीर उपसतो आणि आई त्याच सीझरच्या कृपेने आलेल्या जमिनीचं उत्पन्न खाते. लोकांची घरं गेली त्यात. आणि शेतं कसणाऱ्या, घरं झाडणाऱ्या गुलाम बायकांबद्दल आपल्याकडे एक ओळ नाही.

---

निशिगंध

उंबरठा, मान्य. अगदी पूर्ण मान्य. मिळकतीचा मुद्दा मी लेखात घ्यायला हवा होता. ती त्याच वर्गाची होती आणि त्या वर्गाने जे केलं ते तिनेही केलं.

फक्त त्याच लिलावाला चिकटलेली एक गोष्ट सांगते. ती मिळकत स्वस्तात गेल्यावर सिसेरोने कोटी केली की किंमत आणखीच कमी आहे, कारण 'टर्शिया' वजा झाली. लॅटिनमध्ये टर्शिया म्हणजे तिसरा हिस्सा, आणि तिच्या धाकट्या मुलीचं नावही तेच. आईने मुलगी सीझरकडे पाठवली असा तो टोमणा. पुरुषावर लाचखोरीचा आरोप व्हायचा, बाईवर नेहमी हाच. सर्विलियाची बाजू सांगणारं तिचं एकही पत्र उरलेलं नाही, म्हणून आपल्यापर्यंत येताना ती याच तोंडांमधून आली आहे. मिळकत खरी मानते. टोमणा मानत नाही.

---

मुक्कामपोस्ट

सर्विलियाला रोमन सेनापती ल्युकुलसने व्यभिचारावरून काडीमोड दिला होता, तीच ना ही?

---

सांजवारा

नाही, ती धाकटी बहीण. तिचंही नाव सर्विलियाच. एकाच घरात एकाच नावाच्या मुली, त्यामुळे हा घोळ जुन्या पुस्तकांतही दिसतो.

---

पानगळ

मी नाणी जमवतो, म्हणून एक भर. ब्रूटसने तरुणपणी, इ.स.पू. ५४ च्या सुमारास, टांकसाळीचा अधिकारी असताना चांदीचं एक नाणं पाडलं. एका बाजूला ल्युसियस ब्रूटस, राजाला हाकलून प्रजासत्ताक आणणारा. हा वडिलांकडचा पूर्वज. उलट बाजूला सर्विलियस अहाला, ज्याने इ.स.पू. ४३९ मध्ये राजा होऊ पाहतोय या संशयावरून स्पूरियस मीलियसला मारलं. हा आईकडचा. नाण्याला दोन बाजू, आणि एक पूर्ण बाजू आजोळाची. शिवाय आईच्या कुळातल्या एकाने दत्तक घेतल्यामुळे त्याचं अधिकृत नाव क्विंटस सर्विलियस कीपियो ब्रूटस असं झालं होतं. 'राजा होऊ पाहणाऱ्याला मारायचं असतं' ही गोष्ट त्याला लहानपणी कुणी सांगितली असेल, तर माझा कौल आईला. सात-आठ वर्षांचा असतानाच तर बाप गेला.

---

निशिगंध

पानगळ, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. हे मला सुचलंच नव्हतं. तिने जी गोष्ट सांगितली असेल त्याच गोष्टीने पुढे सीझर मारला गेला. मुलाचा कट तिला ठाऊक होता असं कुणी जुना लेखक म्हणत नाही.

---

खडीसाखर

पण मग १५ मार्चनंतर ती मुलाच्याच बाजूने कशी उभी राहिली? ज्याच्यावर तिने वीस वर्षं जीव लावला त्याला मुलाने मारलं होतं.

---

निशिगंध

खडीसाखर, उभी राहिली हे नक्की. अँटियम तुम्ही वाचलंतच. त्या उन्हाळ्याच्या शेवटी ब्रूटस पूर्वेकडे गेला आणि इटलीत परत आलाच नाही. पुढचं वर्षभर रोममधला त्याचा कारभार आईच पाहत होती. इ.स.पू. ४३, २५ जुलै: सर्विलियाने सिसेरोला घरी बोलावून घेतलं. ब्रूटसच्या बाजूचे कास्का, लेबियो आणि स्कॅप्टियस आधीच तिथे होते. प्रश्न तिने मांडला, ब्रूटसला सैन्यासह इटलीत बोलवायचं की तिकडेच राहू द्यायचं? सिसेरोने बोलवा असं मत दिलं आणि ब्रूटसला तसं कळवलं. त्या पत्रात तो तिला अत्यंत शहाणी आणि दक्ष बाई म्हणतो, जिची सगळी काळजी तुझ्याभोवतीच फिरते.

त्याच महिन्यात दुसरीही काळजी होती. मधला जावई लेपिडस अँटनीला जाऊन मिळाला, सिनेटने ३० जूनला त्याला देशाचा शत्रू ठरवलं. म्हणजे सेकुंडाच्या मुलांची मालमत्ता जाणार. सर्विलिया आणि सेकुंडा त्या मुलांसाठी रदबदली करत होत्या, ब्रूटसही मामा म्हणून लिहीत होता, सिसेरो नाही म्हणत होता. ब्रूटस आला नाही. डिसेंबरात सिसेरोचंच डोकं उडवलं गेलं, आणि ज्या त्रिकुटाच्या हुकमाने ते झालं त्यात लेपिडस होता.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की मुलगा कट करून आल्यावर दुःख करायला तिला सवडच नव्हती. तीन घरं एकाच वेळी पेटली होती आणि तिन्ही तिचीच.

इ.स.पू. ४२ च्या ऑक्टोबरात फिलिपीला दोन लढाया झाल्या. पहिलीत कॅसियसने जीव दिला, दुसरीनंतर ब्रूटसने. अँटनीने ब्रूटसच्या प्रेतावर आपला किमती झगा घालायला लावला, दहन करवलं आणि रक्षा आईकडे पाठवली. त्यानंतर तिच्याबद्दल एकच गोष्ट हाती लागते, ती म्हणजे अ‍ॅटिकस तिला पडत्या काळातही अंतर न देता सांभाळत राहिला. सिसेरोने अँटियमची हकीकत ज्याला कळवली होती, तोच हा मित्र.

---

सांजवारा

टर्शियाबद्दल लिहायचं राहू नये.

ती सगळ्यांच्या मागे उरली. फिलिपीनंतर ६३ वर्षांनी, इ.स. २२ मध्ये, टायबेरियसच्या राज्यात ती वारली. मृत्युपत्रात बहुतेक सगळ्या बड्या लोकांना काही ना काही ठेवलं, सम्राटाला काहीच नाही. त्याने ते मनावर घेतलं नाही, भाषणाला आणि थाटाच्या अंत्ययात्रेला परवानगी दिली. पुढे वीस मोठ्या घराण्यांच्या पूर्वजांचे मुखवटे चालले होते. इतिहासकार टॅसिटस लिहितो की सर्वांत जास्त उठून दिसत होते ते ब्रूटस आणि कॅसियस, कारण त्यांचे मुखवटे तिथे नव्हते.

---

काळा_कोट

मुखवटे फक्त मोठी पदं भूषवलेल्या पुरुषांचे करत. सर्विलियाचा कधी केलाच गेला नसणार.

---

खडीसाखर

आत्ताच तो उतारा शोधून वाचला. टॅसिटस टर्शियाची ओळख तीन नात्यांनी करून देतो: कॅटोची भाची, कॅसियसची बायको, ब्रूटसची बहीण. मामा, नवरा, भाऊ. आईचं नाव नाही.